अकरा वेळा अटक

त्या शनिवारी एलिया जमादारांनी गोरक्षला अकरा वेळा अटक केली.

वांबोरी स्टेशनच्या अलीकडे, जमादारांच्या अंगणात हा उद्योग चालला होता. जमादारांना पोलीसखात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गोरक्ष टांगेवाला. अंगाने दांडगा, मनाने मऊ, आणि जन्मात कधी पोलिसांच्या हाती न लागलेला. गुन्हेगाराने कसं वागावं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि जमादारांची पंचाईत तिथेच होत होती. पहिल्या वेळी त्यांनी नुसती हाक मारली, तर हा दोन्ही हात पुढे करून हजर झाला. जमादार म्हणाले, अरे, असे चोर असते तर सरकारने पोलीस ठेवलेच नसते. मग चौथ्या वेळी गोरक्ष पळाला तो थेट टांग्यात चढून पळाला, आणि नेमकी त्याच वेळी मनमाडची गाडी आल्यामुळे एक सवारी गावात सोडूनच परत आला. जमादार तोवर अंगणात तसेच उभे होते. "फरारी आसामी स्वतःहून हजर," असं म्हणून त्यांनी पाचवी अटक सुरू केली.

दया ओट्यावर शाळेच्या वह्या तपासत बसली होती. नगरला मुलींच्या शाळेत ती शिक्षिका होती आणि शनिवारची सकाळची शाळा आटोपली की दुपारी घरी यायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच. त्या दिवशी तिच्याकडून एका मुलीच्या शुद्धलेखनात चार चुका तशाच राहून गेल्या. हसताना लाल पेन्सिल हलत होती.

या तालमीला कारण होतं. महिन्यापूर्वी जिल्ह्यातल्या एका बाजारगावी मारामारी झाली. तिच्याशी काडीचा संबंध नसलेल्या छगन सनईवाल्याला दोन शिपायांनी धरलं, आणि धरताना त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. एकोणपन्नास साल होतं. राज्य आपलं होऊन दीड वर्ष झालं, मग लाठी अजून कुणाची, असं एकाने नगरच्या साप्ताहिकात लिहिलं. लाठी नसेल तर राज्य राहील का, असं दुसऱ्याने उत्तर दिलं. बघता बघता न्हाव्याच्या दुकानापासून वकिलांच्या खोलीपर्यंत सगळे दोन पक्षांत वाटले गेले. शेवटी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर वादसभा ठरली: अटक करताना पोलिसांनी बळ किती वापरावं? ज्यांना अनुभव असेल त्यांनी कळवावं, असं आवाहन होतं. जमादारांनी कुणाला न विचारता कार्ड टाकलं की आपण बोलणार नाही, करून दाखवू.

त्यांची रीत अशी होती. ज्याला धरायचं त्याच्यासमोरून जायचं. त्याचं पुरं नाव, बापाच्या नावासकट, घ्यायचं. आणि हाताच्या अंतरावर पोचलं की डोक्यावरचं पागोटं उतरवून त्याच्या हातात द्यायचं: "जरा धर बाबा, घाम पुसतो." बस्स. एकतीस वर्षांच्या नोकरीत चोर, दारुडे, सासऱ्याचं डोकं फोडून आलेले जावई, सगळ्यांनी ते पागोटं दोन्ही हातांनी धरलं होतं. दुसऱ्याचं पागोटं मातीत कोण टाकणार? माणूस ते सांभाळत उभा राहायचा, तेवढ्यात जमादार त्याच्या दंडाला हात घालून चालायला लागायचे, आणि तोही चालायला लागायचा.

"मी फेकून दिलं तर?" गोरक्षने सातव्या वेळी विचारलं.

"फेक की."

गोरक्षने पागोट्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग खाटेपाशी जाऊन ते हलकेच उशीवर ठेवलं. तो वाकलेला असतानाच त्याला अटक झाली.

"ह्ये न्हाई बरोबर, जमादार. तुमी माझ्या चांगुलपनाचा फायदा घेता."

"त्याचाच घ्यायचा असतो," जमादार म्हणाले. "वाईटपणाचा फायदा घ्यायला लाठी लागते."

आणि मग त्यांनी पाथर्डीची गोष्ट सांगितली. दयाने ती लहानपणापासून ऐकली होती, गोरक्षने नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष. बकरी चोरल्याच्या संशयावरून ते एका माणसाला धरायला गेले. त्याने झपकन दोन्ही हात वर केले. तरुण एलियाने काठी घातली, ती कानावर बसली. तो माणूस हात जोडत होता. त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही, आणि बकरी तर दुसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली. तेव्हापासून समोरच्याचे हात ते रिकामे ठेवत नसत. जमादार म्हणाले, रिकाम्या हातांना आपण भितो आणि आपल्या काठीला तो भितो; दोन भित्र्यांच्या मध्ये काहीतरी मऊ असावं.

संध्याकाळच्या गाडीने दया परत निघाली. दुसऱ्या दिवशी नगरला सभेच्या तयारीची बैठक होती, आणि तिच्या शाळेतल्या शिक्षिका त्या कामात होत्या. जमादार स्टेशनवर पोचवायला आले. फलाटावर ते सहज बोलल्यासारखं बोलले, "पुढच्या रविवारी मी गोरक्षबरोबर मागे बसेन. तुझ्या शाळेतल्या बायका असतील. तू ओळख दाखवली नाहीस तरी चालेल हो. आमच्या खात्यात त्याला गुप्त बंदोबस्त म्हणतात. कार्डावर सहीसुद्धा नुसती एलिया जमादार अशी केलीय. आडनाव भिंगारदिवे लिहिलंच नाही."

दया हसली. खरं तर तिथे हसायचं नव्हतं, बोलायचं होतं. पण गाडी आली, खिडकीशी जागा मिळाली, आणि बोलायला पुढचा शनिवार होताच.

ते काय म्हणत होते, हे तिला पुरतं समजलं होतं. बेचाळीसच्या सप्टेंबरात ती पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकत होती. एका कैद्याला पोचवून जमादार वसतिगृहावर आले, ते अंगावरच्या गणवेशासकट. तिची खोलीतली मैत्रीण विजयमाला चारच दिवसांपूर्वी मोर्चात लाठी खाऊन आली होती. हात गळ्यात बांधलेला. फाटकाकडे बघून तिने विचारलं, "कोण गं ते?" आणि दया म्हणाली, "आहेत कुणी गावाकडचे."

जमादारांनी ते ऐकलं. त्यांनी लाडवांचा डबा पायरीवर ठेवला, टाचा जुळवल्या आणि सरकारी आवाजात म्हणाले, "बाई, आपल्या वडिलांनी हे पाठवलंय. प्रकृती ठीक आहे म्हणून सांगितलंय." आणि निघून गेले. लाडू विजयमालालाच फार आवडले.

त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. दयाने कपाटं भरभरून पुस्तकं वाचली होती. माणसाने माणसाजवळ मन कसं मोकळं करावं याची सुंदर पानं तिला पाठ होती. शाळेत ती एवढंच सांगायची की वडील सरकारी नोकरीत होते.

रविवारी सकाळी उपासनेला निघताना, कोटाची एक बाही अंगात असताना, जमादार खाटेवर टेकले ते उठले नाहीत. निरोप घेऊन गोरक्ष स्वतः नगरला आला. सोमवारी वांबोरीच्या स्मशानभूमीत माती दिली. ज्यांना जमादारांनी कधी काळी धरलं होतं असे तिघेजण आले होते, आणि त्यांच्यात पेटीला पुढून खांदा कुणी द्यायचा यावरून जरा बोलाचाली झाली. पागोटं जमादारांबरोबरच गेलं. दयाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक म्हणाले, बाई शिकलेली आहे.

शुक्रवारी ती नगरच्या खोलीवर परतली. विजयमाला आता तिच्याच शाळेत होती, सभेचा पत्रव्यवहार बघत होती, आणि दोघी एकत्रच राहायच्या. तिने दयाला जवळ घेतलं, जेवायला बसवलं आणि भीत भीत विचारलं, "तुला आत्ता विचारू नये, पण वांबोरीच्या त्या जमादारांचं काही कळेना. सभेला येणार म्हणाले होते."

"ते येणार नाहीत. वारले."

"अगं बाई. तुझ्या वडिलांच्याच आठवड्यात? ओळखीचे होते का तुमच्या?"

"हो," दया म्हणाली. "ओळखीचे होते."

रात्रभर ते शब्द तिला टोचत राहिले. जिवंत बापाला एकदा नाकारलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता सत्तावीस वर्षांची असून मेलेल्या बापालाही तिने तसंच दारात उभं केलं होतं, आणि या वेळी सांभाळून घ्यायला तेही नव्हते.

रविवारी सभागृह इतकं भरलं की खिडक्यांतही माणसं बसली. अध्यक्ष आप्पासाहेब वकील. उपरणं, लाल पागोटं आणि समोर घंटा. ती वाजवायची त्यांना भारी हौस. पहिला बोलला छगन. बोटांना पट्ट्या होत्या. म्हणाला, वाजवता येत न्हाई म्हणून बोलायला आलोय, आणि बोलताही येत न्हाई. तेवा दोन्हीची माफी असावी. लोक हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्याच्यानंतर दोन वकील कायद्याच्या कलमांवरून एकमेकांवर घसरले, आणि आप्पासाहेबांना घंटा मनसोक्त वाजवता आली.

मग राधाकृष्ण फौजदार उठले. तेही निवृत्त, देहाने आडव्या दरवाजासारखे, आणि बोलण्यात रोखठोक. छगनवर अन्याय झाला हे त्यांनी आधीच कबूल केलं. पण चोर म्हणजे काही सासुरवाडीचा पाहुणा नव्हे, म्हणाले. अंधार असतो, समोरच्याच्या कमरेला काय आहे कळत नाही, विचार करायला अर्धा क्षण मिळतो. ज्यांनी जन्मात मांजरसुद्धा धरलं नाही त्यांनी आम्हाला माया शिकवू नये. "लाठी न उचलता माणूस धरता येतो, असं एकाने तरी करून दाखवावं. मी आत्ता इथे उभा आहे."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत गोरक्ष उठून उभा राहिला. धुतलेलं धोतर, तेल लावलेले केस.

"येतो की धरता. मला परवाच्या शनवारी अकरा येळा धरला."

सभागृहात हशा कोसळला. आप्पासाहेबांनी घंटा वाजवत विचारलं, कुणी धरला? गोरक्ष म्हणाला, ते आता न्हाईत. मग तूच दाखव, असं कुणीतरी ओरडलं. त्यावर गोरक्षने प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला फक्त धरून घ्यायला येतं. पुन्हा हशा उठला. फौजदारही हसले आणि खाली बसायला निघाले.

म्हणजे एकतीस वर्षांची रीत त्या हशात विरून जाणार होती. दयाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. विजयमालाने तिचा पदर धरला तेव्हा ती उठून चालायलाही लागली होती.

"मी दाखवते," ती व्यासपीठाशी येऊन म्हणाली. "आप्पासाहेब, आपलं पागोटं जरा मिळेल का?"

असली मागणी त्या सभागृहात आजवर झाली नव्हती. आप्पासाहेबांनी घंटेकडे पाहिलं, पण घंटेचा काही उपयोग दिसेना. त्यांनी पागोटं काढून दिलं आणि टकलावर उपरणं ओढून घेतलं.

फौजदारांनी पाय रोवले, मुठी वळल्या, आणि आपण काही सोपे जाणार नाही असं बजावलं. ते सव्वासहा फूट. दया त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. ती समोरून चालत गेली. त्यांचं पुरं नाव तिने सभेच्या जाहिरातीवर वाचलं होतं, ते बापाच्या नावासकट घेतलं. आणि हाताच्या अंतरावर पोचल्यावर म्हणाली, "हे जरा धरता का, फौजदारसाहेब? घाम पुसते."

मुठी उघडल्या. फौजदारांनी आप्पासाहेबांचं पागोटं दोन्ही तळहातांवर घेतलं, आणि घडी मोडू नये म्हणून जरासं छातीशी धरलं. ते कुठे ठेवावं म्हणून त्यांनी मेजाकडे पाहिलं. मेजावर पाण्याचा तांब्या कलंडलेला होता. तोवर दयाचा हात त्यांच्या कोपराला लागला होता आणि ती चालायला लागली होती. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या, मधली वाट, गोरक्षची रांग. दारापाशी पोचल्यावर फौजदारांच्या लक्षात आलं.

सभागृहात जे झालं त्याला हशा म्हणता येणार नाही. छगन पट्ट्या बांधलेला हात मांडीवर आपटून टाळी वाजवत होता आणि कळ आल्याबरोबर पुन्हा हसत होता. गोरक्ष शेजाऱ्यांना सांगत होता, बगा, माझंबी असंच व्हायचं.

फौजदारांना राग आला नव्हता. हरलेल्या पैलवानाने डाव विचारावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं. हातात पागोटं असल्यामुळे तेही जपून करावं लागलं.

"हे सगळ्या वेळी चालायचं नाही," ते म्हणाले.

"नाही चालायचं," दया म्हणाली. "समोर सुरा असेल तेव्हा लाठी लागतेच. पण लाठीच्या आधी करायच्या दहा गोष्टी असतात, आणि आपण मोजायला दहावीपासून सुरुवात करतो. हे ज्यांचं म्हणणं होतं त्यांनीही एकदा मारलं होतं. पाथर्डीला. हात जोडणाऱ्या माणसाला. ते त्यांनी कधी लपवलं नाही."

फौजदार तिच्याकडे निरखून बघत होते.

"हे पुस्तकातलं नाही, बाई. हे खात्यातलं आहे. कोणी शिकवलं तुम्हाला?"

तिसऱ्या रांगेतून विजयमाला मान वळवून पाहत होती. दयाने तिच्याकडे पाहिलं, आणि शेवटच्या खिडकीत बसलेल्यालाही ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात सांगितलं.

"वांबोरीच्या एलिया जमादारांनी. एलिया भिंगारदिवे. एकतीस वर्षं पोलिसात होते. ते माझे वडील."