शून्य कुठे धरलं?

"सर, माझं हे उत्तर का चुकलं?" बारावीतल्या मुलीने तपासलेला पेपर माझ्यासमोर ठेवला.

तिने २३.८ लिहिलं होतं. हायड्रोजनच्या दुसऱ्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा उणे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हे मी एकतीस वर्षं घसा कोरडा करून शिकवतोय. इलेक्ट्रॉन केंद्रापासून अनंत अंतरावर गेला की त्याची स्थितिज ऊर्जा शून्य धरायची, म्हणून अणूत अडकलेल्याची उणे. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं, आणि ही एकटी शहाणी. मी जरा चिडूनच तिला प्रश्न वाचायला सांगितला.

"पहिल्या कक्षेत स्थितिज ऊर्जा शून्य धरल्यास..." तिने हळूच वाचलं.

प्रश्नपत्रिका तिच्या हातातून घेऊन मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पहिल्या कक्षेतली स्थितिज ऊर्जा एरवी उणे २७.२, म्हणून शून्य तिथे आणलं की प्रत्येक ऊर्जेत २७.२ मिळवायचे. तिचंच बरोबर होतं.

चूक कुणाचीही होते. पण पेपर मीच काढला होता, हाताने लिहून, पंधरा दिवसांपूर्वी. अक्षर माझंच होतं आणि ते वाक्य लिहिल्याचं मला काही केल्या आठवेना.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. शेवटी ते मला अगदी अदबीने विचारायचे, आपण कोण? आणि महिनाभर झाला, मी चहा केला की बायको मागून येऊन गॅस बघून जाते. का, ते ती सांगत नाही. मीही भीतीने विचारत नाही.

गुण वाढवून प्रकरण मिटवता आलं असतं. मी सगळा गठ्ठा उचलला, मुलीला सोबत घेतलं आणि प्राचार्यबाईंना म्हटलं, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. होतं असं कधीकधी, त्या म्हणाल्या.

"मॅडम, प्रश्न मीच काढलाय. मला आठवत नाहीये."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे शून्य कुठेही धरलं तरी चालतं?"

"चालतं. दोन कक्षांमधला फरक तोच राहतो. फक्त कुठे धरलंय ते आधी लिहून ठेवायचं."

ती गेली नाही, घुटमळत राहिली. मी तिच्याकडे वहीचं एक कोरं पान मागितलं. त्यावर माझं नाव लिहिलं, खाली घरचा पत्ता. अजून सगळा आठवत होता. घडी घालून कागद शर्टाच्या खिशात ठेवला.