सातव्या प्रश्नावरचं बोट

मित्रांनो, मी एक जुना, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला प्रश्नांचा कागद आहे. महाडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. नको असलेला विचार अचानक मनात घुसला, तर माणसाला किती भीती वाटते आणि मग तो काय करतो, हे मी मोजतो. मोजायला माझ्याकडे शून्य ते चार एवढेच आकडे.

घरोघरी जाऊन आरोग्याची विचारपूस करणाऱ्या आशाताई ललिता मला पिशवीत घालून पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर न्यायच्या. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना त्या माझे प्रश्न विचारायच्या. पण पडवीत, चहा पिता पिता, सासूसमोर, मोठ्याने. मग खरं कोण सांगणार? "नाय गो ताई, मला कसले विचार?" सगळीकडे शून्य. किती झटपट होतो हा कागद, असं माझं कौतुक व्हायचं. मला मात्र कुणाच्याच मनातलं काही कळायचं नाही. इतक्या घरांत जाऊनही मी एकटाच राहिलो.

एकदा आम्ही सारिकाकडे गेलो. तिचं दीड महिन्याचं बाळ सासूच्या, चंद्राबाईंच्या मांडीवर होतं. सारिका मात्र दूर, खांबाला टेकून बसली होती. दृष्ट लागू नये म्हणून त्या घरात बाळाच्या उशाशी लोखंडाचा विळा ठेवायची रीत.

"हिला इचार, विळा रोज जातो कुठं!" चंद्राबाई म्हणाल्या. "मी ठेवते, ही पळवते. पोराला हात लावत नाय, नुसती बघत बसते. महाराणीच हाय!"

ताईंनी पहिला प्रश्न वाचला. "नाय," सारिका म्हणाली. दुसऱ्यालाही नाय. पण तिची नजर खाली, माझ्या सातव्या प्रश्नावर अडकली होती. ताईंना ते दिसलं.

"मावशी, बाळाला जरा कोवळ्या उन्हात न्या बघू," असं म्हणून त्यांनी मला सारिकाच्या हातात दिलं. "बोलू नको. नुसतं बोट ठेव."

सातवा प्रश्न असा: त्या विचाराच्या भीतीने तुम्ही एखादी वस्तू लपवता का? तिचं गार बोट चारवर आलं आणि तिथेच थांबलं.

"विळा दिसला की वाटतं, माझ्याच हातून बाळाला लागेल," ती पुटपुटली. "हे कळलं तर बाळ काढून घेतील माझं?"

"अगं, नको तो विचार आला म्हणजे तू तसं करणार असं होत नाही. बाळ हवंय म्हणूनच तर एवढी घाबरतेस. उद्या आपण दोघी महाडला डॉक्टरांकडे जाऊ."

टोपडं न्यायला परत आलेल्या चंद्राबाईंनी दारातून सगळं ऐकलं होतं. बाळाला खांद्यावर घेऊन त्या पुढे आल्या. मग म्हणाल्या, "लोखंडच पायजे ना? मग पळी ठेवू उशाशी. तिला कोण भितंय!"

सारिका रडता रडता हसली.

पुढे काही महिने तिचे उपचार चालले. आता माझे प्रश्न मोबाइलवर गेलेत. मी आरोग्य उपकेंद्रातल्या खिळ्यावर लटकतो. कडा सुटल्यात, आत पाणी शिरलंय. लसीच्या दिवशी सारिका येते. बाळ तिच्याच कडेवर असतं. माझ्याकडे ती बघत नाही. नाही बघितलं तरी चालेल.

मित्रांनो, मी आता फार टिकणार नाही, म्हणून एवढंच सांगतो. घरात कुणी गप्प गप्प असेल, तर त्याला बाजूला नेऊन विचारा. पहिल्याच "काही नाही" वर उठून जाऊ नका. सातव्या प्रश्नापर्यंत थांबा.