शिकेंगच्या ओढ्यावरचा छपराचा पूल

मी एक जुना लाकडी पूल आहे, मित्रांनो. पण उघडा नाही. माझ्या डोक्यावर कौलांचे छप्पर आहे आणि दोन्ही अंगांना बसायला लांबच लांब बाक. फूजियान प्रांताच्या डोंगरात, शिकेंग गावाच्या ओढ्यावर, मी एकशे सात वर्षे उभा आहे. मधली दीड वर्षे मात्र मी उभा नव्हतो. त्याची गोष्ट पुढे येईल.

मला सतरा सुतारांनी घडवले. त्यांनी मला लोखंडाचा एकही खिळा मारला नाही. एका तुळईचे टोक दुसरीच्या खाचेत बसवले, दुसरीचे तिसरीत, आणि अशा तुळया एकमेकींना रेटून ओढ्यावर कमान करून उभ्या राहिल्या. शेवटचे आढे चढले तेव्हा दोन्ही काठांवरच्या लोकांनी तांदळाच्या गोड वड्या उधळल्या. सगळ्यांत मोठ्या सुताराने आढ्याखालच्या तुळईच्या पोटावर शाईने आपले नाव लिहिले आणि तो खाली उतरून निघून गेला. तो परत कधी आला नाही. सुतार सहसा पुन्हा येत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढची साठ-सत्तर वर्षे मला दम खायला फुरसत नव्हती. समुद्राकडून मीठ आणि खारी मासळी घेऊन हमाल यायचे. त्यांचा घाम माझ्या फळ्यांत मुरला आहे. माझ्या मधोमध देवीचा लहानसा देव्हारा आहे. तिच्यासमोर नवऱ्या थांबल्या, आजारी मुले थांबली, भांडणारे भाऊ थांबले. ओढ्याच्या पाण्यावरून दोन्ही काठांची हमरीतुमरी व्हायची, आणि तिचा निवाडाही माझ्याच बाकांवर व्हायचा, कारण मी कुठल्याच काठाचा नव्हतो.

मग रुआन शुइगेन माझी देखभाल करू लागला. पहाटे तो मला झाडायचा, देवीला उदबत्ती लावायचा आणि माझ्या पूर्वेकडच्या तोंडाशी मातीच्या चुलीवर चहा ठेवायचा. हा चहा वाटसरूंसाठी फुकट असे. बोलायला शुइगेन तिखट होता. कोणी भांडे उष्टे ठेवून निघाला की म्हणायचा, "घरी बायको धुते वाटतं. इथे ओढा धुतो, पण तिथवर न्यावं लागतं." लोक हसायचे आणि भांडे विसळून ठेवायचे. चुलीचा धूर माझ्या छपरात शिरायचा, आणि मी काळा पडत गेलो. त्याचे मला काही वाटले नाही.

वरच्या अंगाला सिमेंटचा पूल झाला तेव्हा गाड्या तिकडून गेल्या. त्या जाणारच होत्या. पण हळूहळू पायीही कोणी येईना. तरुण मंडळी श्यामेन शहराच्या कारखान्यांत गेली. शुइगेनची बायको वारली. त्याची मुलगी युएलान लग्न करून फूझौला राहायला गेली. कित्येक दिवस असे गेले की माझ्यावर शुइगेनशिवाय कोणी पाऊल ठेवले नाही. तो दोन भांडी चहा ओतायचा, थोडी वाट पाहायचा, आणि मग दुसरेही आपणच प्यायचा.

एका सप्टेंबरात वादळ आले. सकाळपासून डोंगर दिसत नव्हता. ओढा तांबडा झाला आणि माझ्या पायांपर्यंत चढला. पूल जड असला की पुराला तो उचलता येत नाही, अशी आमच्याकडची समजूत आहे. म्हणून शुइगेनने गावात उरलेल्यांपैकी आठ-नऊ म्हातारी माणसे गोळा केली. घराघरातले लोणच्याचे मोठे रांजण त्यांनी माझ्यावर आणून मांडले आणि पाण्याने भरले. त्या दिवशी किती वर्षांनी माझ्यावर इतकी माणसे होती! पूर आला होता आणि मला बरे वाटत होते. हे सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

पाणी फळ्यांना लागले तेव्हा किराणा दुकानवाली मेइज्यू काठावरून ओरडली, "काका, उतरा आता. पूल परत बांधता येतो. तुम्हाला कोण बांधणार?"

"अजून एक रांजण राहिलाय," शुइगेन म्हणाला.

"तो मी माझ्या डोक्यावर घेते. तुम्ही या आधी."

तिने आत येऊन त्याला बाहीला धरून ओढत नेले. ती दोघे काठावर पोहोचली आणि मला एकदम हलके वाटले. पायाखालचा दगड सुटला होता. मी जागेवरून उठलो, वाकडा झालो आणि मोडलो.

मित्रांनो, मोडताना दुखत नाही. दुखते ते नंतर. माझी एक तुळई केळीच्या बागेत पडली होती, एक वाळूत रुतली होती, एक धरणाच्या जाळीत अडकली होती. मी शंभर ठिकाणी होतो, आणि कुठेही पूल नव्हतो. माझ्या अंगावर चिखल वाळत होता. येणारेजाणारे मला ओलांडून जात होते. कोणाला त्यात पूल दिसत नव्हता, नुसती लाकडे दिसत होती.

शुइगेनला दिसत होता. तो लाल चिंध्यांची पिशवी खांद्याला लावून ओढ्याच्या कडेने खाली चालत निघाला. जिथे माझे लाकूड सापडेल तिथे तो चिंधी बांधायचा आणि गावकऱ्यांना सांगून ठेवायचा. असा तो तेवीस दिवस फिरला. बहुतेकांनी लाकडे निमूट परत दिली. हौपू गावात मात्र शुए आडनावाच्या एका विधवेने माझी एक तुळई डुकरांच्या गोठ्याला लावली होती.

"बाई, ती तुळई आमच्या पुलाची आहे," शुइगेन म्हणाला.

"मला नदीने दिली. नदीला विचारा."

"तिच्या पोटावर सुताराचं नाव आहे बघा. शाईचं."

"मला वाचता येत नाही."

"मलाही फारसं येत नाही. पण एवढं नाव येतं."

तिने मान तिरकी करून वर पाहिले. "आणि ही काढली तर छप्पर कशावर ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

शुइगेन परत शिकेंगला गेला आणि चौथ्या दिवशी एका टेम्पोतून आला. टेम्पोत एक चांगली सरळ तुळई होती. ती त्याच्या स्वतःच्या घराच्या माळ्याची होती. शुएबाईने ती हाताने चाचपून पाहिली. मग ती आत गेली आणि रताळ्याच्या शेवयांचे वाफाळते भांडे घेऊन आली.

"खाऊन घ्या," ती म्हणाली. "घरदार मोडून पूल बांधणारा माणूस उपाशी जाऊ नये."

दोंग नावाच्या सुताराने मला पुन्हा उभे केले. दहातली नऊ लाकडे माझीच होती. त्याने एकेक खाच पुसून, जुने टोक जुन्याच जागी बसवले. ज्या दिवशी दोन्ही काठ मला पुन्हा लागले, त्या दिवशी शुइगेन एकटाच या टोकाहून त्या टोकाला गेला आणि पुन्हा परत आला.

पण मी आता साधा पूल राहिलो नव्हतो. मी वारसा झालो होतो. माझ्या तोंडाशी पाटी लागली, बाकांपुढे दोर बांधला गेला, संध्याकाळी लावायचे दिवे आले. वारसा जपणाऱ्या सरकारी कार्यालयातला एक तरुण अधिकारी शुइगेनला भेटायला आला. तो वाईट माणूस नव्हता.

"आजोबा, चूल हलवावी लागेल. सगळं लाकूड आहे, पेट घेईल."

"शंभर वर्षांत नाही घेतला."

"तरी नियम आहे हो. तुमच्यासाठीच तर जपतोय आम्ही."

शुइगेनने चूल टोपलीत घातली आणि नेली. त्यानंतर तो काठावरच्या एका दगडावर बसू लागला. माझ्यापासून वीस पावलांवर. वाटाड्याच्या झेंडीमागून टोप्या घातलेले प्रवासी येत, काठावरूनच फोटो काढत आणि पुढच्या गावाला जात. काहीजण त्याचाही फोटो काढत. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसायचो. वीस पावले फार नसतात, मित्रांनो. पण पुलाला ती चालता येत नाहीत.

माळ्याची तुळई काढल्यापासून त्याच्या घराची भिंत झुकत चालली होती. दुसऱ्या हिवाळ्यात युएलान गाडी घेऊन आली. "बाबा, आता हट्ट पुरे. भिंत रात्री-बेरात्री अंगावर येईल," ती म्हणाली. तो दगडावरून उठला. जाताना त्याने माझ्या पहिल्या खांबावर हात ठेवला. "जरा जाऊन येतो," तो म्हणाला. याला चार वर्षे झाली.

या चार वर्षांत मला कोणी धक्का लावला नाही. धूळ एका यंत्राने उडवली जायची. आणि माझ्या आत काहीतरी कुरतडू लागले. गेल्या वसंतात दोंग सुतार तपासणीला आला. त्याने खांबावर बोटाचे पेर वाजवले आणि कान लावला.

"वाळवी आहे," तो म्हणाला. "आतून पोकळ होतोय."

अधिकारी गोंधळला. "आम्ही तर कोणाला हातही लावू देत नाही."

"त्यानेच झालं. धूर नाही, पावलं नाहीत, कोणी घासत नाही, पुसत नाही. दमट लाकडाला मग वाळवीशिवाय कोण विचारतं?"

त्यांनी माझा खांब दुरुस्त केला आणि बाकांपुढचा दोर सोडला. गावकऱ्यांनी पूल खुशाल वापरावा, अशी सूचना लागली. त्या दिवशी मी खूप वाट पाहिली. कोणी आले नाही. गावात आता अकराच माणसे आहेत, आणि त्यांना सिमेंटच्या पुलाची सवय झाली आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेइज्यू आली. तिला पलीकडे जायचे होते आणि ऊन फार होते. ती बाकावर धप्पकन बसली, चपला काढल्या, सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफले माझ्या फळ्यांवर टाकली आणि फोनवर कोणाला तरी तेलाच्या डब्यावरून अर्धा तास झापले. मला निरखून पाहावे असे तिला वाटलेही नाही. जाताना तिने पायाने टरफले ओढ्यात लोटली. एवढा चांगला दिवस मला कित्येक वर्षांत लाभला नव्हता.

तिच्या बोलण्यात शुइगेनचे नाव आले नाही. तो कसा आहे, आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. पूल माणसांना पलीकडे पोहोचवतो. त्यांच्या मागे जाणे त्याच्या नशिबी नसते.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे एखादे जुने काही असेल. त्याचा फोटो जरूर काढा. पण नंतर फोन खिशात ठेवा आणि त्याला टेकून थोडा वेळ बसा. काही खाल्ले तर सांडू द्या, मग झाडून घ्या. आम्ही वापराने झिजतो, हे खरे आहे. पण ते झिजणे आम्हाला चालते.