लाल गाडीचा आवाज

लेकीने ती लाल, दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्‌स कार घरी आणली, त्या दिवसापासून पाववाल्यांनी उभा दावा मांडला होता. दावा लेकीशी नाही हं, गाडीशी. लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इस्पितळात लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे चालते करायचं तिचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा तिचा नाद. नादाला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती सायलेन्सरच्या आवाजाला.

"माणूस दुपारी जरा पाठ टेकतो," ते येईल त्याला ऐकवत, "आणि ही बया कोपऱ्यावर वळली की भिंतीवरच्या तसबिरी थरथरतात."

त्यांची झोप दुपारचीच होती हे खरं. रात्र घरामागच्या बेकरीत भट्टीपुढे जायची, सकाळी पाव रवाना व्हायचे, मग जेवण आणि मग ताणून द्यायची. संध्याकाळी लेक कामावरून यायच्या सुमाराला ते उठत आणि रात्रीसाठीचं पहिलं पीठ भिजवत. ते वेळेवर भिजलं नाही तर फुगायला सवड मिळत नाही, आणि सकाळी भट्टीतून पावांच्या जागी विटा निघतात. पण असं कधी झालं नव्हतं. "मला घड्याळ लागत नाही, मी आपोआप उठतो," ही त्यांची आवडती फुशारकी होती.

अशात लेकीला ट्रॅकवर आणखी ताकद हवीशी झाली. गाडीला टर्बो बसवायचा तिने जेवताना विषय काढला.

"म्हणजे आणखी आवाज," पाववाले म्हणाले. "ऐकून ठेव. आहे त्याहून आवाज वाढला तर या घरात एक तर ती गाडी राहील नाहीतर मी."

"अहो, तुम्ही कुठे जाणार?" बायकोने विचारलं. लेकीचा चेहरा मात्र उतरला. बाबा बोलले ते करून दाखवतात हे तिला माहीत होतं. गाडी विकायची वेळ येणार म्हणून तिला जेवण गेलं नाही.

तिची बाजू घेतली आत्याने. आत्या म्हणजे पाववाल्यांची थोरली बहीण. तिचा सायलेन्सर बनवायचा आणि जोडायचा कारखाना होता, आणि वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून ती बोलायला लागली की भलेभले गप्प बसत.

"टर्बोने आवाज वाढत नाही रे, कमी होतो," ती भावाला म्हणाली. "इंजिनातून धूर जोरात सुटतो, तोच सगळा आरडाओरडा. टर्बो म्हणजे त्या धुराच्या वाटेत बसवलेलं चाक. चाक फिरवता फिरवता त्याचा जोर संपतो. एकदा कामाला जुंपला की ओरडायला अंगात राहतं काय?"

झालंही तसंच. टर्बो बसला, गाडी पहिल्यापेक्षा वेगाने पळू लागली आणि कोपऱ्यावरून मांजरासारखी येऊ लागली. लेकीला आनंद मावेना. पाववाल्यांनी मान डोलवली, लढाई जिंकल्याच्या थाटात दोन घास जास्त जेवले आणि झोपले.

उठले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. लेक येऊन, आंघोळ करून, मासिक चाळत बसली होती.

"मला उठवलं का नाही?"

"इतक्या वर्षांनी निवांत झोप लागली होती तुम्हाला," बायको म्हणाली. "जिवावर आलं."

दुसऱ्या सकाळी पावांनी मान टाकली ती टाकलीच. शाळेच्या वसतिगृहाच्या बाई रोज पाववाल्यांकडूनच पाव घेत. त्या स्वतः चालत आल्या, एक पाव टेबलावर ठेवला आणि तो ठक्‌ वाजला. त्या तशाच परत फिरल्या आणि पाववाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी त्यांनी गुपचूप उशीशी गजराचं घड्याळ ठेवलं. गजर झाला. पाववाले मिटल्या डोळ्यांनीच उठले, कपड्यांचं कपाट उघडलं, आतल्या शर्टांवर जराशी बोटं दाबून पाहिली, "अजून कच्चे आहेत," असं पुटपुटले, कपाट लावलं आणि परत झोपले. सगळी हयात भट्टीची घंटा वाजली की पाव दाबून बघण्यात गेलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? बायकोने दारातून हे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून त्यांना हलवून उठवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं.

पीठ वेळेवर भिजू लागलं, पण पाववाल्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. पीठ मळता मळता ते हात पुसून खिडकीशी जात, लाल गाडी दिसते का पाहत, परत येत, परत जात. अशाच एका फेरीनंतर त्याच पिठात मीठ दुसऱ्यांदा पडलं. या खेपेला वसतिगृहाच्या बाई बोलल्या. पुन्हा असं झालं तर पाव दुसरीकडून घ्यावे लागतील, मुलं उपाशी उठतात, म्हणाल्या.

त्याच दुपारी पाववाले जेवून, झोप तशीच डोळ्यांवर घेऊन बहिणीच्या कारखान्यात गेले. सुट्टी होती, म्हणून लेकीलाही गाडी घेऊन बोलावलं होतं. सायलेन्सर सैल वाटतोय, अशी थाप मारली होती.

लेक गाडी आत घेत होती तेवढ्यात त्यांनी बहिणीला बाजूला ओढलं. "ताई, आवाज परत बसवता येतो का गं? थोडासा?"

आत्याने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतो की. तू त्या बाकावर आडवा हो. आवाज झोपेतच पारखायचा ना?"

आधी तिने टर्बोवरचा जादा धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची नळी सायलेन्सरमधून काढून उघडी सोडली. लेक चक्कर मारून कोपऱ्यावर वळली आणि अशी किंकाळी उठली की पाववाले बाकावरून खाली आले. "हे नको," ते जमिनीवरूनच म्हणाले. नळी परत जोडली गेली. मग आत्याने सायलेन्सरचा मागचा डबा काढून लहान डबा लावला. लेक पुन्हा गेली, आली, आणि पाववाले घोरत राहिले. त्यांची झोपेची वेळच होती, त्यांना कोण दोष देणार?

शेवटी आत्याने मागचा डबाच काढला आणि सरळ पाइप जोडला. लेक तिसऱ्यांदा गेली. कोपऱ्यावर जुनाच भरदार आवाज उठला, जरा मवाळ, पण तोच. बाकावरचं घोरणं थांबलं.

"आली गं," पाववाले डोळे न उघडता म्हणाले. "चहा टाक."

लेक गाडी बंद करून दारात उभी होती. तिने ते ऐकलं. आत्या वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून उगाच एक नट घट्ट करू लागली.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही गाडीच्या आवाजाने उठायचात?"

पाववाले दचकून उठून बसले. इकडे तिकडे पाहिलं, पण सुटायला वाट नव्हती.

"मग इतकी वर्षं भांडलात कशाला? आणि उठायचंच तर गजर आहे की."

"लावून पाहिला," ते गुडघ्यांकडे बघत म्हणाले. "गजर किती वाजले तेवढंच सांगतो. तू घरी पोचलीस ते कुठे सांगतो?"

ट्रॅकवरून आपण परत येईपर्यंत हा माणूस दर सुट्टीला कसा पडून असेल, हे लेकीला आत्ता कुठे कळलं, आणि डोळे भरून आले. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा पीठ मळून राठ झालेला हात हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर आवाज झाला आणि तसबिरी जराशा हलल्या. पाववाले एका झटक्यात उठून बसले.

"आली ही बया," ते बेकरीतल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आता माणसाने झोपायचं कधी?" आणि हसत हसत पीठ भिजवायला गेले.