माझ्याशिवायचा ग्रुप

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या क्रिकेट टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप अचानक गप्प झाला, आणि मी मनातल्या मनात खूश झालो.

यात खूश होण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. दुबईतल्या आमच्या मंडळींत कोणाचा वाढदिवस जवळ आला की त्याला वगळून एक वेगळा ग्रुप निघतो. केक कुठून आणायचा, कोणी किती वाजता यायचं, घरातलं कोण सामील, सगळं तिथे ठरतं. उत्सवमूर्तीला हे बरोबर कळतं, कारण जुना ग्रुप ओस पडतो. पण कळल्याचं दाखवायचं नाही, हा शिष्टाचार. मी स्वतः असे नऊ-दहा ग्रुप काढले आहेत. पंचवीस जानेवारीला मला पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि त्या दिवशी नेमका रविवार होता. सगळं जुळत होतं.

टीमचं नाव देरा डॉल्फिन्स. सतरा वर्षांपूर्वी दुबईच्या देरा भागातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, तिथे मी आणि रत्नागिरीच्या हनीफने ती काढली. मी फास्ट बोलर आणि कॅप्टन, तो विकेटकीपर. माझा यॉर्कर कुठे पडणार हे बॅट्समनच्या आधी हनीफला कळायचं. पुढे लग्नं झाली, मी डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आलो, टीम मात्र सुटली नाही. पाच कप आणले आम्ही, आणि पाचही फायनलची शेवटची ओव्हर माझी होती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर फुशारकी म्हणूनच सांगतोय, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही.

गेल्या सीझनला खांदा जरा धरला होता. विकेट चारच मिळाल्या, दोन-तीन कॅच सुटले. पोरांवर थोडा ओरडलोही असेन. पण फॉर्म काय, येतो-जातो.

तर जानेवारीत मी हनीफला फोन केला. "काय रे, मॅच कधी?"

"ग्राउंड नाय मिळालं यार," तो म्हणाला. "नेक्स्ट वीक बघू, इन्शाल्ला."

पुढच्या आठवड्यातही ग्राउंड नाही. त्याच्या पुढच्याही नाही. याला धड थापसुद्धा मारता येत नाही, म्हणून मी फोन ठेवून हसत बसलो. घरात इरा, माझी पंधरा वर्षांची मुलगी, मी जवळ गेलो की मोबाइल उलटा ठेवायची. ती आमच्या टीमची स्कोअरर, प्रत्येक मॅचचा स्कोअर ॲपवर तीच टाकते. रविवारी दुपारी ती बाहेर जायची आणि मी कुठे म्हणून विचारायचो नाही. तयारीला जात असणार. घरातली फितूर ती हीच, असं म्हणून मी तिच्याकडे बघून नुसता हसायचो. तीही हसायची.

मी भाषण तयार केलं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. त्यात मी सगळ्यांसमोर जाहीर करणार होतो की यापुढे पहिली ओव्हर माझी नाही, आमच्यातल्या तेवीस वर्षांच्या पोराची, तहाची. एवढं मोठं मन कोण दाखवतं? मला कोणी चढवलं नव्हतं, हरभऱ्याच्या झाडावर मी आपला आपणच चढलो होतो.

रविवारी त्यांना सजावटीला वेळ मिळावा म्हणून मी नवा शर्ट घालून तीन तास मॉलमध्ये काढले. परत आलो तर दाराबाहेर चपला-बूट नव्हते. लपवले असतील. मी बेल वाजवली आणि दचकल्याचा चेहरा तयार ठेवला.

माझ्या बायकोने, छायाने, दार उघडलं. तिच्या हाताला श्रीखंड लागलेलं होतं. आत कोणी नव्हतं. मी पडद्यामागे पाहिलं, मग बेडरूममध्ये डोकावलो.

"काय शोधतोयस?" छाया म्हणाली.

"कुठे आहेत सगळे?"

"कोण सगळे?"

"नाटक पुरे. इरा कुठे आहे?"

"सिलिकॉन ओएसिसला. मॅच आहे ना आज." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "शैलेंद्र, यंदा तू खेळत नाहीयेस ना? इरा म्हणाली. मला वाटलं खांद्यामुळे तूच ठरवलंस."

मी ॲप उघडलं. देरा डॉल्फिन्स, लाइव्ह. सीझनची चौथी मॅच. कॅप्टन तहा, विकेटकीपर हनीफ, स्कोअरर इरा.

मी ग्राउंडवर पोचलो तेव्हा एक इनिंग्ज संपली होती. मला बघून तहा उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली. "अंकल, बसा ना." डिसेंबरपर्यंत हा मला कॅप्टन म्हणायचा.

इरा रडवेली झाली. "बाबा, आय थॉट यू न्यू. हनीफ अंकल सेड ही टोल्ड यू. अँड यू वर स्मायलिंग सो मच."

मी हनीफकडे वळलो. तो खाली बघून पॅड बांधत होता.

"तीनदा फोन केला मी," मी म्हणालो. "तीनदा तू ग्राउंड नाही म्हणालास."

"सांगनार होतो शैलू, कसम से. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नाय झाली. पोरं बोलली, कॅप्टन बदला, नायतर आमी दुसऱ्या टीमला जातो. टीम खलास झाली असती."

"पोरं बोलली?"

"हां. त्यांनीच न्यू ग्रुप केला. मला तर मागाहून ॲड केलं."

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. पोरांना पाच फायनलचं काय माहीत? हनीफ भित्रा आहे, पहिल्यापासून होता, पण माझा आहे. वाढदिवसाला तेवढंही मला पुरलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इराला घेऊन गाडीत येऊन बसलो.

"तो ग्रुप दाखव," मी तिला म्हणालो. पोरं माझ्याबद्दल काय बोलली ते मला वाचायचं होतं.

तिने फोन दिला. ग्रुप कोणी काढला आणि कधी, हे त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. मी ते उघडलं. हनीफने काढला होता. तारीख दिवाळीतली, लक्ष्मीपूजनाची. सतरा वर्षांच्या दोस्ताने केसाने गळा कापला होता, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आलो होतो.

लक्ष्मीपूजनाला हनीफ आणि त्याची बायको बिलकीस आमच्याकडे फराळाला होते. तो सोफ्यावर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होता आणि मी त्याच्यासमोर चकल्यांची ताटली धरली होती. "एक मिनिट शैलू," तो म्हणाला होता, "हे येवढं करून घेतो." आणि त्याचं होईपर्यंत मी ताटली धरून उभा राहिलो होतो.