भुऱ्याला आधी कळलं

मी भुऱ्या बोलतोय. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, देवळाकडे वळणाऱ्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरासमोर जो म्हातारा कुत्रा ऊन खात पडलेला दिसतो, तो मीच. एका डोळ्याने आता दिसत नाही. मागचे पाय उठताना कुरकुरतात. पण नाक अजून शाबूत आहे, आणि मला जे सांगायचंय ते बरंचसं नाकानेच कळलेलं आहे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या सुमाराचा माझा जन्म. तेव्हा जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती. असल्याच एका वाळूच्या ढिगात आईने आम्हाला जन्म दिला. ढीग उचलायला ट्रॅक्टर आला तेव्हा सगळे पांगले आणि मी एकटाच तिथे कुंईकुंई करत राहिलो. गंगाधर ऑफिसातून पायी घरी चालला होता. त्याने मला उचललं आणि डब्याच्या पिशवीत घातलं. पिशवीला पोळीचा वास होता. त्याच्या हातांना पेन्सिलीचा आणि सुपारीचा.

गंगाधर सरकारी ऑफिसात नकाशे काढायचा. त्याची बायको पद्मिनी शाळेत शिकवायची. दोघांची माणसं मूळची वर्ध्याकडची. मुलगी श्रावणी तेव्हा दुसरीत होती. घरात मराठी ऐकायची, पण बोलायची हिंदीतच. "पापा, इसको रख लेंगे ना?" तिने विचारलं. "हव, ठेवू ना," गंगाधर म्हणाला आणि मी त्या घरचा झालो.

नव्या राजधानीत नकाशांना भाव आला. संध्याकाळी ठेकेदार लोक साहेबांना जेवायला न्यायचे, सोबत गंगाधरलाही. "नाही म्हटलं तं बरं दिसत नाही," तो पद्मिनीला सांगायचा. पुढे ठेकेदार नसले तरी तो प्यायला बसू लागला. येताना वेलची चघळायचा. माणसांना वाटतं, वेलची चघळली की झालं. मला तो वास गल्लीच्या तोंडाशीच कळायचा आणि मी खाटेखाली शिरायचो.

कारण त्या वासासोबत येणारा गंगाधर वेगळाच असायचा. ताट भिरकावणारा. मला लाथ घालणारा. पद्मिनी आधी खिडक्या लावून घ्यायची, मग टीव्हीचा आवाज वाढवायची. सकाळी ऑफिसात फोन करून "यांना ताप आहे" म्हणायची. श्रावणीने मैत्रिणींना घरी आणणं कधी बंद केलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण त्या पोरी मला बिस्किटं द्यायच्या.

मग ती गणपतीची संध्याकाळ. श्रावणी दहा-अकरा वर्षांची असेल. मोहल्ल्यातल्या मांडवात तिचा नाच होता. मी मांडवाबाहेर चपलांपाशी बसलो होतो. आरती संपत आली आणि गंगाधर आला. "माह्या पोट्टीचा नाच हाय, सरका!" म्हणत तो थेट पुढे घुसला आणि आरतीच्या ताटावर कोसळला. निरांजन पडद्यावर पडलं. पडदा पेटला. लोकांनी ओढून, तुडवून तो विझवला. कोणाला भाजलं नाही, एवढंच नशीब. घुंगरू बांधून उभ्या असलेल्या श्रावणीकडे बोट करून एक मुलगा म्हणाला, "ये इसके पापा हैं."

तिने खाली बसून घुंगरू सोडले आणि घरी निघाली. मी तिच्या मागे गेलो.

दुसऱ्या दिवशी पद्मिनी तिला घेऊन वर्ध्याला भावाकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता फोन करून खोटं बोलायला मी नाही."

घरी उरलो गंगाधर आणि मी. तो मला खायला घालायचं विसरायचा. तोही फारसं खात नव्हता. मी उकिरड्यावर जाऊन यायचो, पण रात्री परत यायचो. का, ते मला सांगता येणार नाही. कुत्र्याला पिशवीतला वास विसरता येत नाही, असं समजा.

एका दुपारी अनंतराव आले. समता कॉलनीत राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, पद्मिनीच्या वडिलांचे स्नेही. गंगाधर त्यांना पाहून तडकला. "काकाजी, समजवाले आले असान तं परत जा."

"समजवाले नाही आलो. चहा पाज."

घरात दूध नव्हतं, साखर नव्हती. अनंतराव वेताच्या मोढ्यावर बसले. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग माझ्या फासळ्यांवरून हात फिरवला. "मीबी असाच होतो, गंगाधर. माह्या घरी कुत्रा नव्हता, म्हातारी माय होती. तिले असंच उपाशी ठेवलं मी."

गंगाधर खाली बसला. माझी मान कवेत घेऊन एवढा रडला की मला श्वास घेता येईना.

"उद्यापासून सोडतो, काकाजी. हातच लावत नाही."

"असं एकदम सोडू नको. तुले रोजची सवय हाय. झटके येतात, जीव जाते. डॉक्टरच्या हाताखाली सोड. मी येतो संगं."

तो दवाखान्यात राहिला तेवढे दिवस मी अनंतरावांकडे होतो. परत आला तेव्हा हडकुळा झाला होता, पण अंगाला औषधाशिवाय कसलाच वास नव्हता. मग तो रोज संध्याकाळी समता कॉलनीत जाऊ लागला. तिथे एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक बसायचे. मी जिन्याखाली थांबायचो. वरून कधी रडणं ऐकू यायचं, पण जास्त करून हसणंच. मला त्याचं फार नवल वाटायचं.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत तो घरी आला आणि मला तो जुना वास आला. मी खाटेखाली गेलो. गंगाधर दारातच थबकला. वाकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता लाथ. त्याने फोन उचलला. "काकाजी, आज घेतली मी. घरी या. नाही, उद्या नाही, आत्ता या."

त्या दिवसानंतर तो वास पुन्हा आला नाही. मी रोज हुंगायचो. आला असता तर मला कळलं असतं.

उन्हाळ्यात पद्मिनी आणि श्रावणी आल्या. पद्मिनी बॅग हातात धरूनच दारात उभी राहिली. अनंतरावांनी कळवलं होतं म्हणून ती आली होती, विश्वास बसला म्हणून नाही. गंगाधर बोलायला लागला तसं श्रावणीने त्याला थांबवलं.

"पापा, प्रॉमिस मत करो. प्लीज."

"नाही करत," तो म्हणाला.

मग तिने मला शोधलं. आधी खाटेखाली वाकली. मी तिथे नव्हतो. मी गंगाधरच्या पायावर हनुवटी टेकून पडलो होतो, नेहमीसारखा. ती बघतच राहिली.

"मम्मी, देखो... भुऱ्या डर नहीं रहा."

पद्मिनीने बॅग खाली ठेवली. "शाळा सुरू होईपर्यंत राहतो आम्ही," ती म्हणाली. "पुढचं पुढे." शाळा सुरू झाली, आणि त्या गेल्या नाहीत.

आता श्रावणी बिलासपूरला नोकरी करते. अनंतराव राहिले नाहीत. रविवारी गंगाधर बीरगावला जातो. तिथे दारू सोडू पाहणारी कारखान्यातली माणसं जमतात, त्यांच्यात बसतो. मी काही फार दिवसांचा सोबती नाही. जाण्याआधी एकच मागणं. तुमच्या घरी असं कोणी असेल तर त्याच्यासाठी खोटं बोलू नका, खिडक्याही लावून घेऊ नका. त्यातून सुटलेल्या एखाद्याला हाक मारा. असे लोक येतात, मी पाहिलंय.

आज सकाळी घरात भांडण झालं. गंगाधरने बाजारातून किडकी वांगी आणली. "डोळे फुटले होते काय?" पद्मिनी ओरडली. "तूच जात जा मंग!" तोही ओरडला. दार सताड उघडं होतं. शेजारची कलावती हसत ऐकत होती. दोघांचाही आवाज चांगला चढला होता.

मी एक डोळा उघडून पाहिलं, कूस बदलली आणि पुन्हा झोपलो.