कोरी भुई

मी पाचोडच्या बालवाडीची भुई बोलते आहे. पाहुणे आले की भिंतींवरची चित्रे पाहतात. माझ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मुलांचा मात्र सारा दिवस माझ्यावरच जातो.

पोलीस अ‍ॅक्शनपूर्वी या खोलीत काकासाहेबांचा कापूस भरलेला असे. पुढे काही वर्षांनी त्यांनी ती बालवाडीला दिली, पण अट घालून. "बाई, दसऱ्यापस्तोर पोरं जमली तर खोली तुमची. नाय तर माझा कापूस हायेच."

बाई म्हणजे औरंगाबादहून आलेल्या कालिंदीबाई. लहान मुलांची जागा कशी असावी, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता. खिडकी मुलांच्या हनुवटीइतकी खाली उतरवून घेतली. पाण्याचा माठ आणि खेळण्यांची फळी, दोन्ही मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली. मदतीला येणाऱ्या गावातल्या वच्छलाबाईंनी मला शेणाने सारवले आणि त्या रांगोळीचा डबा उघडू लागल्या, तशा बाई म्हणाल्या, "राहू द्या. जागा मोकळी असली म्हणजे मुलांना हवे ते मांडता येईल."

मी कोरी राहिले.

आया दारापर्यंत येत, माझ्याकडे पाहत आणि लेकरू कडेवर घेऊन परत फिरत. दसरा तोंडावर आला, तरी खोली रिकामीच. एके सकाळी सरूबाई लेकीला घेऊन उंबऱ्यावरूनच वळली, तेव्हा बाईंनी तिला थांबवले.

"आत का येत नाही, सरूबाई?"

"कशी यिऊ? सारवलंय आन् वर रेघ नाय. कोण गेलंय तुमचं?"

"म्या डबा काढला व्हता," वच्छलाबाई पुटपुटल्या.

कालिंदीबाईंनी माझ्याकडे पाहिले. "वडील वारले, त्यांना नेलं, त्या दिवशी आमच्याही घरी जमीन अशीच कोरी ठेवली होती. ही शाळा आहे, घर नव्हे, असं धरून चालले मी."

"मंग लेकरं दिसभर कुठं ऱ्हानार?" सरूबाई म्हणाली.

सारवल्या भुईवरची रेघ म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, इथे माणसे नांदतात याची ग्वाही. ती कोणी द्यायची, हे बाईंनी तेवढ्यात ठरवले. चिमूटभर रांगोळी सरूबाईच्या लेकीच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "तू ओढ." पोरीने नागमोडी रेघ ओढली.

"ही रेघ हाय का बैल मुतलाय?" वच्छलाबाई म्हणाल्या. सरूबाई हसता हसता उंबरा ओलांडून आत आली.

मग गावची मुले येऊ लागली. सारवण वाळले की जो तो माझ्यावर काहीबाही काढी: आधी रेघा, मग गोल, त्यातून तुळस, बैल, आणि कधीतरी एखादे अक्षर.

दसऱ्याला काकासाहेब कापसाची गाडी घेऊनच दारात आले. आत पाय ठेवायला त्यांना कोरी जागा सापडेना. त्यांनी उंबऱ्याबाहेर जोडे काढले. मग गाडीवानाला म्हणाले, "गाडी घराकडं घे."

याला पुष्कळ वर्षे झाली; उद्या माझ्यावर फरशी बसणार आहे. चांगलेच आहे, सारवणाऱ्या बायकांच्या कंबरेला विसावा मिळेल. माझे मागणे एवढेच, की ती कोरी ठेवू नका. पहिल्या दिवशी एखाद्या लेकराच्या हाती चिमूटभर रांगोळी द्या. रेघ वाकडी आली तरी चालेल. मला ती खालून कळेल.